ख्रिस व्हिटलीचा 'लिव्हिंग विथ द लॉ' कुणी ऐकलाय का?

रानवारा
बरेच दिवस मनात होतं, आज काढतोच धागा. ब्लूज-रॉकचा विषय निघाला की तीच पाच-सहा नावं फिरत राहतात, क्लॅप्टन, हेंड्रिक्स, स्टीव्ही रे वॉन, झालंच तर गॅरी मूर. तक्रार नाही, माणसं मोठीच आहेत. पण ख्रिस व्हिटली या अमेरिकन गायक-गिटारवादकाचं नाव काढलं की समोरचा नुसता बघत राहतो. एकदा तर "व्हिटनी ह्यूस्टन का?" असंही ऐकून घेतलंय (गंमत म्हणजे हा जन्मला ह्युस्टन शहरातच, १९६० साली).

त्याचा पहिला अल्बम 'लिव्हिंग विथ द लॉ', जुलै १९९१ला आला. कोलंबियासारखी कंपनी. डॅनियल लॅन्वा या संगीतकार-निर्मात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या वाड्यासारख्या घरात रेकॉर्ड झाला, या अल्बमचा निर्माता माल्कम बर्न. हीच मंडळी दोन वर्षं आधी त्याच शहरात बॉब डिलनचा 'ओ मर्सी' हा अल्बम करून बसली होती, त्यामुळे तो ओलसर, रात्रीचा, लांबून कुठूनतरी ऐकू येणारा आवाज इथेही आहे. आणि त्यात मधोमध एक पत्र्याच्या अंगाची गिटार, आणि एक आवाज जो कुजबुजता कुजबुजता अचानक एकदम वरच्या पट्टीत निसटतो. 'बिग स्काय कंट्री'त तो निसटतो ना, तिथे मी दर वेळी हातातलं काम थांबवतो. 'पॉयझन गर्ल', 'डस्ट रेडिओ', 'आय फरगेट यू एव्हरी डे'... भरतीचं गाणं मला तरी सापडत नाही.

प्रश्न असा, की मोठी कंपनी, लॅन्वाच्या गोटातली माणसं, अमेरिकेच्या रॉक रेडिओवर दोन गाणी वाजलेली, त्याच वर्षीच्या 'थेल्मा अँड लुईस' सिनेमात 'किक द स्टोन्स' हे गाणं. एवढं सगळं असून हा माणूस पुढे गेला कुठे?

अबोली
नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाखूसा (वाचनखूण साठवली). शनिवारी ऐकून सांगते.

तिरकस
व्हिटली की व्हिटले? आधी ते ठरवा, मग अल्बमचं बघू.

रानवारा
@तिरकस, आलात? आता धागा शंभरी गाठणार.
व्हिटली.

सहावी_तार
अरे वा, माझ्या माणसावर धागा! रानवारा, दंडवत घे.

त्या "पत्र्याच्या गिटार"बद्दल थोडं लिहितो, कारण ती कळल्याशिवाय हा अल्बम अर्धाच कळतो असं माझं मत आहे. ती नॅशनल कंपनीची रेझोनेटर गिटार. साध्या गिटारमध्ये वरची लाकडी फळी थरथरते आणि आवाज होतो. हिच्या पोटात अॅल्युमिनियमचा पातळ शंकू बसवलेला असतो, साधारण छोट्या ताटलीएवढा. तारांचं कंपन ब्रिजमधून (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) थेट शंकूत उतरतं आणि तो ते बाहेर फेकतो. म्हणजे लाउडस्पीकरच, फक्त विजेशिवाय. कारण साधं होतं. १९२०च्या दशकात नाचाच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच यायची नाही आणि इलेक्ट्रिक गिटार अजून बाजारात यायची होती. जॉन डोपिएरा आणि जॉर्ज बोशँप यांनी १९२७च्या सुमाराला नॅशनल कंपनी काढली ती यासाठी. त्यांची पहिली गिटार तीन शंकूंची होती. एका शंकूची नंतर आली, ती स्वस्त आणि जास्त खणखणीत, म्हणून ब्लूजवाल्यांनी उचलली. सन हाउस, बुका व्हाइट, सगळे नॅशनलवाले.

आता होतं काय, या गिटारचा स्वर ठोसा मारल्यासारखा येतो आणि लगेच विरतो. लाकडी गिटारसारखा मागे गोड रेंगाळत नाही. त्यामुळे वाजवणाऱ्याला सतत काहीतरी करत राहावं लागतं, अंगठ्याने खर्जाची तार चालू ठेवायची, पायाने जमीन बडवायची. व्हिटली नेमकं तेच करतो. त्याचा पाय हे त्याचं दुसरं वाद्य आहे. 'फोन कॉल फ्रॉम लेव्हनवर्थ' ऐका.

तिरकस
तीन शंकूंची गिटार म्हणजे त्रिशंकू. वर स्वर्गात नाही, खाली चार्टवर नाही. मिळालं उत्तर, धागा बंद करा.

मध्यमा
:-)) तिरकस, हे मात्र मान्य.

खडूस_नंबर_१
मी ऐकलाय. दोनदा. दुसऱ्यांदा केवळ पहिल्यांदा झोप लागली म्हणून. स्पष्टच लिहितो, मला तो आवाज सोसत नाही. बरा चाललेला असतो आणि मधेच कोणीतरी पायावर पाय दिल्यासारखा वर जातो. आणि शब्द! हायवे, धूळ, सरहद्द, तुरुंग, रेडिओ, विषारी बाई. अमेरिकन ओसाड प्रदेशाचं कॅलेंडर चाळल्यासारखं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये राहून वाळवंटाची गाणी लिहिणारे पैशाला पासरी आहेत.

रानवारा
खडूस, आवाजाचं ठीक, आवड आपापली. पण कॅलेंडरवाली टीका पटली नाही. हा लहानपणी स्थिर कुठेच नव्हता, आईवडील वेगळे झाल्यावर आईबरोबर मेक्सिकोत, मग व्हर्माँटमध्ये. तरुणपणी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाजवायचा, तिथून थेट बेल्जियम, तिथे काही वर्षं बँडमधून वाजवून परत न्यूयॉर्क. सरहद्दीवरचं गाणं लिहायचा हक्क याला नाही तर कुणाला? आणि बघ, 'बिग स्काय कंट्री' हे मोंटानाचं टोपणनाव, पण गाण्यात मोंटानाचं वर्णन कुठे आहे? ती जागा त्याला एवढ्यासाठी हवी की आभाळ मोठं आहे आणि माणूस त्यात दिसेनासा होतो.

खडूस_नंबर_१
बरं. पायावर पाय मात्र मागे घेत नाही.

जुनी_कॅसेट
माझ्याकडे हा कॅसेटवर होता, मित्राच्या थोरल्या भावाची कॅसेट, तिसऱ्या पिढीची कॉपी असावी, वर नुसतं 'ख्रिस डब्लू' लिहिलेलं. कितीतरी वर्षं मला पूर्ण नावही माहीत नव्हतं. कॉपीत खरखर इतकी होती की ती त्या आवाजाचाच भाग वाटायची, नंतर स्वच्छ सीडी ऐकली तर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, आता यावर हसा.

मूळ प्रश्नाबद्दल: मला वाटतं वेळ चुकली. जुलै १९९१ला हा आला, ऑगस्टअखेर पर्ल जॅमचा 'टेन', आणि २४ सप्टेंबरला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. तीन महिन्यांच्या आत रेडिओची भाषाच बदलली. हळू आवाजात धुळीची गाणी म्हणणाऱ्याला कोण विचारणार? सिअ‍ॅटलच्या ग्रंज नावाच्या गोंगाटी रॉकच्या लाटेत वाहून गेला बिचारा.

मध्यमा
+१

तिरकस
-१. आता गंभीर मोड ऑन.

ही ग्रंजची सबब नव्वदच्या प्रत्येक बुडालेल्या अल्बमला लावतात. व्हिटलीच्या जेमतेम आठवडाभर आधी बॉनी रेटचा 'लक ऑफ द ड्रॉ' आला होता. ब्लूज, स्लाइड गिटार, सगळं आहे त्यात, आणि तो लाखोंनी खपला, ग्रंज असताना. पुढच्याच वर्षी क्लॅप्टनचा 'अनप्लग्ड' आला, त्याचे आकडे तर विचारूच नका. त्याच्या आधी १९९०ला रॉबर्ट जॉन्सनची सगळी रेकॉर्डिंग्ज एकत्र काढली, काढणारी कंपनी कोण, तर हीच कोलंबिया, आणि १९३६-३७ सालची ती खरखरती गाणी कुणाला वाटलं नव्हतं इतकी विकली गेली. म्हणजे ब्लूजचं गिऱ्हाईक दुकानात उभं होतं. व्हिटली त्याला चुकला तो लाटेमुळे नाही.

माझ्या मते गडबड ही की तो ब्लूज नाहीच. बारा मात्रांचं... बारा बारचं म्हणतो, ते आवर्तन, एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं, हे जे ब्लूजचं ओळखीचं घर आहे ते या अल्बममध्ये शोधून दाखवा. हत्यारं सगळी ब्लूजची, पण घर दुसरंच. ब्लूजवाल्यांना तो परका वाटला आणि रॉकवाल्यांना जुनाट. त्रिशंकू म्हणालो ते उगाच नाही म्हणालो.

जुनी_कॅसेट
बॉनी रेट तेव्हा आधीच ग्रॅमी घेऊन बसली होती हो, नवख्याची तुलना तिच्याशी काय करायची. पण "हत्यारं ब्लूजची, घर दुसरं" हे आवडलं. घेतो वापरायला.

निवांत
रोरी गॅलाघरबद्दल कुणी का बोलत नाही? दुर्लक्षित म्हणायचं तर तो.

सहावी_तार
@निवांत, त्याच्यासाठी वेगळा धागा काढ, मी हजर. नॅशनल रेझोनेटर तोही वाजवायचा. पण त्याच्या 'आयरिश टूर' अल्बमवर जीव टाकणारी जनता जगभर आहे, त्याला दुर्लक्षित म्हणवत नाही.

निवांत
जे. जे. केल?

तिरकस
ज्याची गाणी क्लॅप्टनने गाऊन जगभर पोचवली तो दुर्लक्षित? 'आफ्टर मिडनाइट' १९७०ला क्लॅप्टनने गायलं म्हणून तर केलचा पहिला अल्बम निघाला. व्हिटलीच्या नशिबी कुणी क्लॅप्टन आला नाही, फरक आहे तो हा.

मध्यमा
मी गाणं शिकते (हिंदुस्थानी), गिटारचं मला काही कळत नाही, तरी एक निरीक्षण. सहावी_तार म्हणाले तो स्वर लवकर विरतो, पण काचेची नळी तारेवरून घसरवत नेली की तोच स्वर पुढच्या स्वरापर्यंत ओढला जातो. म्हणजे मींडच झाली. आणि हा माणूस गळ्यानेही तेच करतो, खालून वर जाताना मधल्या सगळ्या जागा पुसट स्पर्श करत जातो. खडूस यांना जो "पायावर पाय" वाटतो तो बहुतेक पट्टी तुटून खोट्या आवाजात जाण्याचा क्षण. आम्हाला गुरुजी यासाठी चांगलं झापतात! पण इथे तो सांधा त्याने लपवलेला नाही, मुद्दाम उघडा ठेवलाय. 'लिव्हिंग विथ द लॉ' या गाण्यात गिटार आणि गळा एकमेकांच्या मागे लागल्यासारखे चालतात, कोण कुणाची नक्कल करतंय ते मला चार वेळा ऐकून ठरवता आलं नाही.

सहावी_तार
@मध्यमा, सुंदर प्रतिसाद. फक्त एक, तो सगळीकडे नळी वापरत नाही, बऱ्याचदा उघड्या बोटांनी तार ओढतो. आणि गिटार नेहमीसारखी लावलेलीच नसते, सुट्या तारा छेडल्या तरी जुळलेला सूरसमूह वाजेल अशी लावतो, त्यात पुन्हा स्वतःच्या खास जुळण्या. मी एकदा 'बिग स्काय कंट्री' बसवायला गेलो. कानाने अंदाज घेत तारा वर-खाली करत होतो, एक तार जरा जास्तच वर गेली आणि तुटून थेट मनगटावर. बायको आतून म्हणाली, "झाला का अल्बम?" तेव्हापासून श्रोता म्हणून सुखात आहे.

खडूस_नंबर_१
वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांची माझी मतं जुळतील.

कोरडा_पाऊस
उशिरा आलो, सगळं वाचलं. मी व्हिटलीचा भक्त आहे आणि तरी म्हणतो की तुम्ही चुकीच्या अल्बमवर धागा काढलाय.

'लिव्हिंग विथ द लॉ' छान आहे, पण त्यात लॅन्वा-शाळेचं धुकं फार. प्रत्येक गाण्यामागे काहीतरी घुमतंय, सरकतंय. 'डर्ट फ्लोअर' ऐका, १९९८चा. व्हर्माँटमध्ये वडिलांच्या कोठारात एका दिवसात रेकॉर्ड केलेला. एक माणूस, एक गिटार, काही ठिकाणी बँजो, आणि पाय. बास नाही, ड्रम नाही, नंतर वरून चढवलेलं काही नाही. नऊ गाणी, जेमतेम सत्तावीस मिनिटं. 'स्क्रॅपयार्ड ललबाय' सुरू झालं की पहिल्या दहा सेकंदांत कळतं की या माणसाला दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती. तो पाय आपटतो ते जमिनीवर ऐकू येतं, स्टुडिओत नाही.

रानवारा
कोरडा_पाऊस, 'डर्ट फ्लोअर' मलाही प्रिय आहे. पण धुकं वगळून 'डस्ट रेडिओ' कसं ऐकणार? त्या गाण्याला लांबून येणारा आवाजच हवा, रात्री भलत्याच स्टेशनचा सूर मधेच लागावा तसा. बर्नने वरून साखर पेरलेली नाही, गाण्यात होतं तेच मोठं केलंय.

कोरडा_पाऊस
एखाद-दुसऱ्या गाण्यात हो. बाराच्या बारा गाण्यांत नाही.

तिरकस
पॉपकॉर्न.

रानवारा
बरं, एवढं कबूल करतो. 'फोन कॉल फ्रॉम लेव्हनवर्थ' या अल्बममध्ये सगळ्यात उघडंवाघडं आहे. लेव्हनवर्थ म्हणजे कॅन्ससमधला मोठा फेडरल तुरुंग, तिथून आलेला फोन, आणि व्हिटली तिथे जवळजवळ एकटाच. 'डर्ट फ्लोअर'चं बी त्या गाण्यात आहे असं म्हणता येईल. पण बी दिसलं म्हणून झाड तोडायचं का?

जुनी_कॅसेट
दोघांच्या मधला अल्बम विसरलात! पहिल्यानंतर चार वर्षं काही नाही, आणि १९९५ला 'डिन ऑफ एक्स्टसी'. मी आशेने आणला. लावला आणि प्लेअर बिघडला असं वाटून बंद केला. सगळी विकृत केलेली इलेक्ट्रिक गिटार, किंचाळी, गोंगाट. नॅशनल कुठे, आभाळ कुठे. मला तर फसवणूक वाटली होती तेव्हा. रानवारा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे बघ, गिऱ्हाईक त्याने स्वतःच हाकलून दिलं.

कोरडा_पाऊस
ग्रंजने बुडवला म्हणणारे आपणच, आणि त्याने गोंगाट केला म्हणून रागावणारेही आपणच :-) 'डिन' मलाही पचायला दोन वर्षं लागली. पण नीट ऐकलं तर चाली त्याच आहेत, तीच तुटणारी पट्टी, तोच पाय. फक्त पत्र्याऐवजी अ‍ॅम्प्लिफायर फाटतोय. कंपनीला 'बिग स्काय कंट्री'चा दुसरा भाग हवा असणार हे उघड आहे, आणि याला एकच गोष्ट दोनदा करायची नव्हती. पुढेही त्याने कधी केली नाही, प्रत्येक अल्बम वेगळ्या दिशेला. हा स्वभाव विकायला वाईट.

अबोली
शनिवार झाला, ऐकला. बाई गं.

आधी मोबाइलच्या स्पीकरवर लावला. पहिला तुकडा ('एक्सर्प्ट' ना?) एवढासा आहे की मला वाटलं जाहिरात लागलीय, मी पुढे ढकलला :ड मग हेडफोन लावून परत सुरुवातीपासून. मला इंग्रजी गाण्यांतले शब्द पटकन लागत नाहीत, तरी 'आय फरगेट यू एव्हरी डे'ला काय चाललंय ते समजलं. रोज विसरतो म्हणणारा माणूस रोज आठवतोच आहे ना. 'पॉयझन गर्ल' स्वयंपाक करताना मस्त. 'बॉर्डरटाउन' अजून नीट कळलं नाही. खडूस, मला तो वर जाणारा आवाज आवडला, सॉरी.

आता तो एका दिवसातला अल्बम ऐकू की गोंगाटाचा? आणि हा सध्या काय करतो, कार्यक्रम वगैरे?

सहावी_तार
@अबोली, तो गेला. २० नोव्हेंबर २००५, फुप्फुसाचा कर्करोग. पंचेचाळीस वर्षांचा होता. शेवट ह्युस्टनमध्येच झाला, जन्मला तिथेच.

अबोली
अरेरे. माहीत नव्हतं. धाग्यात सगळे वर्तमानकाळात बोलताय म्हणून वाटलं...

मध्यमा
हो गं, माझ्याही लक्षात आलं नाही असं लिहिताना.

कोरडा_पाऊस
रानवाराने विचारलं होतं ना "गेला कुठे", त्याचं सरळ उत्तर कुणी दिलंच नाही. कुठेच गेला नाही, वाजवत होता. व्हर्माँटचं कोठार झालं, मग २००३चा 'होटेल व्हास्ट होरायझन', जर्मनीत ड्रेस्डेनला तिथल्या बासवाल्या आणि ड्रमवाल्याबरोबर केलेला, अगदी कमी आवाजातला, मोकळ्या जागा सोडून वाजवलेला. बहुतेक काम छोट्या कंपन्यांकडून, छोट्या जागांमधून. आणि २००५ला 'सॉफ्ट डेंजरस शोअर्स', तेव्हा निर्माता पुन्हा माल्कम बर्न. म्हणजे धुक्यात परत आला म्हणा हवं तर, रानवारा खूश.

रानवारा
खूश. आणि पुढचं ऐक, त्याची मुलगी ट्रिक्सी, बेल्जियमच्या त्या दिवसांतली, मोठी होऊन लॅन्वाच्याच 'ब्लॅक डब' नावाच्या बँडमध्ये गायली, २०१०च्या आसपास. बासवर डॅरिल जॉन्सन, ड्रमवर ब्रायन ब्लेड. तिचा आवाज बापासारखा वर निसटत नाही, खालून जोर लावतो. पण कुठेतरी एखाद्या अक्षरावर ती जराशी घसरते आणि मी परत हातातलं काम थांबवतो.

खडूस_नंबर_१
हिचं काही गाणं सुचवा. घराण्याला एक संधी देतो.

रानवारा
ब्लॅक डबचा अल्बम सुरुवातीपासून लाव. आणि अबोली, आधी 'डर्ट फ्लोअर'. मोबाइलच्या स्पीकरवर नको. गोंगाटाचा नंतर, घरात कुणी नसताना.

सहावी_तार
काल रात्री या धाग्याच्या नादाने गिटार परत काढली. या वेळी तार सावकाश वर नेली. 'बिग स्काय कंट्री'च्या पहिल्या चार मात्रा आल्यात, पाय मात्र अजून जमत नाही, हात बघू लागलो की पाय थांबतो.

तिरकस
आणि वहिनी?

सहावी_तार
खालच्या मजल्यावरून फोन आला म्हणाल्या, लेव्हनवर्थहून नव्हे.